सदाफुलीपासून सीलबंद कुपीपर्यंत

सदाफुलीची कोणी फारशी वास्तपुस्त करीत नाही. पाणी मिळाले नाही तरी ती तगते, शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत आणि बाराही महिने तिला फुले असतात. शाळेच्या कुंपणाकडेला वाढणाऱ्या या झुडपाच्या पानांत कर्करोगावरची औषधे आहेत, हे आपल्यापैकी अनेकांनी वर्गात सांगितले असेल. व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही त्यांची नावे. तमिळनाडूत तर या पानांसाठी सदाफुलीची शेतीही होते.

वर्गातली गोष्ट बहुधा इथेच संपते. वनस्पती सापडली, औषध निघाले, रुग्णाला मिळाले. पण पानातले रसायन आणि रुग्णाच्या शिरेतली सुई यांच्यामध्ये एक काचेची छोटी कुपी असते. ती भरणे, बंद करणे, तिच्यावर चिठ्ठी लावणे ही कामे सोपी वाटतात. प्रत्यक्षात ती नीट करायला शिकण्यात निम्मे शतक गेले आणि त्या शिकण्याची किंमत काही रुग्णांनी प्राण देऊन मोजली. या लेखात आम्ही तो इतिहास सांगणार आहोत.

उंदरांनी दिलेली सूचना

१९५२ साली कॅनडातील संशोधक रॉबर्ट नोबल यांच्या हाती जमैकाहून आलेली सदाफुलीची थोडी पाने पडली. तिकडे मधुमेहावर या पानांचा काढा घेत असत. नोबल यांनी उंदरांना अर्क पाजला, पण रक्तातील साखरेवर काही परिणाम दिसला नाही. मग त्यांनी तो टोचून पाहिला. उंदीर मेले, मात्र साखर कमी होऊन नव्हे, तर जंतुसंसर्गाने. त्यांच्या शरीरात स्यूडोमोनस नावाच्या जीवाणूंनी गळवे केली होती. कारण शोधता असे दिसले, की अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी घटतात, ते रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, हा विचार इथून आला. चार्ल्स बिअर यांनी त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळे केले आणि १९५८ मध्ये ते काम जाहीर झाले. पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन मिळाले आणि १९६३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. लहान मुलांच्या रक्तकर्करोगात ते आजही वापरतात. एके काळी हा आजार झालेले मूल क्वचितच वाचे. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. हे यश अनेक औषधांचे मिळून आहे आणि व्हिन्क्रिस्टिन त्यांपैकी एक आहे.

उंदरांच्या मृत्यूत आणखी एक सूचना दडलेली होती. हे औषध ज्याला द्यायचे, त्याची जंतूंशी लढण्याची ताकद औषधानेच कमी होणार. निरोगी माणसाच्या शिरेत चार-दोन जीवाणू गेले तर शरीर त्यांचा समाचार घेऊ शकेल. कर्करोगाच्या रुग्णाच्या बाबतीत तो भरवसा नाही. म्हणून त्याचे औषध पूर्ण निर्जंतुक हवे.

उकळता न येणारे औषध

निर्जंतुक करायचे तर उकळावे, असे कोणीही म्हणेल. १८७९ मध्ये पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी बनवलेला ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. दाबाखालच्या १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत पंधरा मिनिटे ठेवले, की चिवट बीजाणूही मरतात. सलाईनच्या बाटल्या याच पद्धतीने, सीलबंद केल्यानंतर, निर्जंतुक करता येतात. व्हिन्क्रिस्टिनला मात्र उष्णता सोसत नाही. त्याची कुपी शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. कर्करोगावरच्या बऱ्याच औषधांची हीच अडचण आहे.

मग दुसरा मार्ग उरतो. कुपी, बूच आणि द्रावण ही तिन्ही वेगवेगळी निर्जंतुक करायची आणि जंतू शिरू न देता एकत्र आणायची. काच उष्णता सोसते. म्हणून कुप्या धुऊन ३०० अंशांच्या आसपास तापवलेल्या बोगद्यातून नेतात. इतकी उष्णता कशाला? याचे उत्तर १९२३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरेन्स सायबर्ट यांनी दिले होते. त्यांनी दाखवले, की इंजेक्शननंतर येणारा ताप जिवंत जंतूंमुळेच येतो असे नाही. पाण्यात पूर्वी वाढून गेलेल्या जीवाणूंचे अवशेषही ताप आणतात आणि ते साध्या उकळण्याने जात नाहीत.

द्रावण गाळून घ्यायचे. गाळणीची छिद्रे किती बारीक असावीत? १९६० च्या दशकापर्यंत ०.४५ मायक्रॉन पुरे, असा समज होता. त्या गाळणीतूनही पार होणारा एक जीवाणू सापडला, तेव्हा माप ०.२२ मायक्रॉनवर आले. योगायोग असा, की तो जीवाणूही त्या काळच्या वर्गीकरणाप्रमाणे स्यूडोमोनसच होता. नोबल यांच्या उंदरांना मारणाऱ्या जीवाणूंचा भाऊबंदच म्हणा ना!

वीस कुप्यांचे गणित

सगळे केल्यावर तपासून पाहता येईलच, असे वाटेल. इथे गणित आडवे येते. तपासलेली कुपी फोडावी लागते; ती रुग्णाला देता येत नाही. म्हणून मोठ्या घाण्यातून वीस कुप्या घेऊन त्यांतील द्रावण पोषक माध्यमात चौदा दिवस ठेवण्याची रीत आहे. समजा, दहा हजार कुप्यांच्या घाण्यात शंभर कुप्या दूषित आहेत, म्हणजे शंभरात एक. उचललेली एक कुपी चांगली निघण्याची शक्यता ०.९९. विसाच्या वीस चांगल्या निघण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२. याचा अर्थ, शंभर दूषित कुप्या असलेला घाणा दर पाचांपैकी चार वेळा परीक्षेत उत्तीर्ण होईल! दूषित कुप्या हजारात एक असतील तर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा काहीच कळणार नाही. संभाव्यता शिकवताना हे उदाहरण मुलांकडून जरूर सोडवून घ्यावे.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. १९७२ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात ग्लुकोजचे सलाईन दिलेले रुग्ण अचानक खालावले. पाच मृत्यूंशी त्या बाटल्यांचा संबंध जोडला गेला. चौकशीत दिसले, की ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा अडकून राहिली होती आणि तिथल्या बाटल्यांपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचलीच नव्हती. तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाने ते दाखवलेही होते. पण उपकरणच बिघडले असेल असे समजून तिकडे दुर्लक्ष झाले आणि कारखान्याच्या तपासण्यांतून तो माल बाहेर पडला.

या आणि अशा घटनांतून १९७० च्या दशकात औषधनिर्मितीचे एक मूलतत्त्व पक्के झाले. निर्जंतुकपणा शेवटी तपासून मिळत नाही, तो प्रत्येक पायरीवर घडवावा लागतो. म्हणून आता भरणीच्या यंत्रावर ठरावीक काळाने लटकी भरणी करतात. औषधाऐवजी जीवाणूंना आवडणारे पोषक द्रावण हजारो कुप्यांत भरतात आणि एखाद्या कुपीत गढूळपणा येतो का ते पाहतात. यात औषधाची नव्हे, तर भरण्याच्या रीतीची परीक्षा होते.

वारा कोणत्या दिशेने?

कारखान्यात जंतू येतात कुठून? मुख्यतः माणसाकडून. त्वचेचे हजारो सूक्ष्म कण आपल्या अंगावरून सतत झडत असतात आणि त्यांवर बसून जीवाणू प्रवास करतात. जुन्या स्वच्छ खोल्यांत गाळलेली हवा सोडत, पण ती भोवरे घेत फिरे आणि धूळ पुन्हा पुन्हा उचले.

यावर तोडगा निघाला तो औषधांच्या नव्हे, अण्वस्त्रांच्या क्षेत्रात. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेला अस्त्रांचे बारीक सुटे भाग धूळविरहित जागी जोडायचे होते. तेथील विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास एक साधी कल्पना मांडली. हवा एका बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूने जाऊ द्या आणि सगळीकडे सारख्या वेगाने, समांतर वाहू द्या. म्हणजे धूळ झाडावी लागणार नाही. वाराच तिला घेऊन जाईल. छतातून येणारी हवा जमिनीतल्या जाळीतून बाहेर पडे. नव्या खोलीत कणमापकाचे आकडे इतके खाली गेले, की मापकच बंद पडला असावा असे आधी वाटले, असे सांगतात. हवा गाळण्यासाठी लागणाऱ्या अतिसूक्ष्म गाळण्याही दुसऱ्या महायुद्धातील अणुबाँबच्या प्रकल्पातून पुढे आल्या होत्या. ०.३ मायक्रॉनच्या दहा हजार कणांपैकी फार तर तीनच अशा गाळणीतून निसटतात.

लवकरच रुग्णालयांतही असे वारे वाहणारे ओटे आले. मागच्या भिंतीतून गाळलेली हवा कामाच्या जागेवरून समोर, म्हणजे काम करणाऱ्याच्या दिशेने येई. औषधात जंतू पडू नयेत यासाठी ही रचना उत्तम होती. पण कर्करोगावरचे औषध कुपीतून सिरिंजमध्ये घेताना त्याचे सूक्ष्म तुषार उडतात. ते कुठे जात होते? सरळ औषध तयार करणाऱ्याच्या नाकातोंडात.

१९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीची चाचणी केली. त्यासाठी वापरलेली पद्धत त्याच दशकात ब्रूस एम्स यांनी बसवली होती. जीवाणूंमध्ये जनुकीय बदल होतात का, हे पाहून पदार्थाचा धोका ओळखायची ही पद्धत. परिचारिकांच्या नमुन्यांत असे बदल घडवण्याची क्षमता इतरांपेक्षा जास्त आढळली. ज्यांना आजार नव्हता, त्यांच्या शरीरात औषध जात होते. १९८२ मध्ये ह्यूस्टनच्या कर्करोग रुग्णालयातून अहवाल आला. आडव्या वाऱ्याच्या ओट्यावर काम करणाऱ्या औषधनिर्मात्यांच्या नमुन्यांत हा दोष दिसला आणि वरून खाली वारा वाहणाऱ्या कपाटात काम सुरू केल्यावर तो कमी झाला.

आता पेच स्पष्ट झाला. औषधाला माणसापासून जपायचे तर हवा आतून बाहेर जायला हवी. माणसाला औषधापासून जपायचे तर ती बाहेरून आत यायला हवी. दोन्ही एकदम कसे साधावे?

कारखान्यांनी काढलेले उत्तर भूगोलाच्या शिक्षकांना लगेच कळेल. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे जाते, तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. भरणीची खोली म्हणजे एक टेकडी, तिथे दाब जास्त. बाहेरचा मार्गही त्या मानाने उंच. आणि दोहोंच्या मध्ये एक छोटी खोली, जिचा दाब दोन्हींपेक्षा कमी. हा झाला खळगा. दोन्हीकडची हवा खळग्यात उतरते आणि तिथून गाळणीतून ओढून घेतली जाते. बाहेरचा जंतू आत पोहोचत नाही आणि आतले औषध बाहेर पडत नाही. दाबांतला हा फरक असतो केवळ १० ते १५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत जेमतेम एक ते दीड मिलिमीटर. एवढ्या नाजूक फरकावर सारा डोलारा उभा असल्याने तो सतत मोजावा लागतो आणि दार उघडे राहिले तर धोक्याची घंटा वाजते.

माणूस बाहेर, यंत्र आत

दुसरे उत्तर म्हणजे माणसाला खोलीतूनच हलवायचे. बंद काचपेटीत काम करायचे आणि भिंतीत बसवलेल्या रबरी हातमोज्यांतून हात घालायचे. ही पेटीही मूळची औषधांची नव्हे. प्लुटोनियमसारखे किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्यांनी ती वापरली. जंतुरहित प्राणी वाढवणाऱ्या संशोधकांनीही तशाच पेट्या बनवल्या. फिलिप ट्रेक्सलर यांनी १९५७ मध्ये लवचीक प्लास्टिकची पेटी दाखवली. फ्रान्समधील अणुउद्योगातून दुहेरी दाराची युक्ती आली. पेटीचे दार आणि डब्याचे झाकण एकमेकांत अडकून एकदमच उघडते. त्यामुळे दोघांच्या बाहेरच्या, अस्वच्छ बाजू आतल्या जागेला कधीच सामोऱ्या येत नाहीत. १९८० च्या दशकापासून या पेट्या औषधांच्या कारखान्यांत स्थिरावल्या. भरणीपूर्वी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने आतून निर्जंतुक करायचे आणि मग कुप्या धुणे, तापवणे, भरणे, बूच लावणे हे सारे एका रांगेत यंत्रांकडून करून घ्यायचे.

तरी एक दुबळी जागा उरली, ती म्हणजे हातमोजा. सुईच्या अग्राएवढे भोकही त्याला पुरे. म्हणून एकविसाव्या शतकात हातमोजेच नसलेल्या पेट्या निघाल्या. त्यांत यंत्रहात कुप्यांचा साचा उचलतो, भरतो, बंद करतो. कॅनडात अशी यंत्रे तयार झाली. इटली आणि कॅनडात रुग्णालयांसाठीही यंत्रमानव बनवले गेले. ते प्रत्येक रुग्णाची मात्रा वजन करून तयार करतात.

मात्रा किती असते? व्हिन्क्रिस्टिन एका वेळी बहुधा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. साखरेचे दोन-चार दाणे म्हणा. इतक्या थोड्या औषधात चूक झाली तर ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच वेष्टनालाही महत्त्व आहे.

सिरिंज की पिशवी?

वेष्टन म्हणजे सजावट, असा आपला समज असतो. व्हिन्क्रिस्टिनचा इतिहास तो खोडून काढतो. रक्तकर्करोगाच्या काही मुलांना एकाच दिवशी दोन औषधे मिळत. मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातील द्रवात आणि व्हिन्क्रिस्टिन शिरेत. दोन्हींच्या सिरिंज दिसायला सारख्या. व्हिन्क्रिस्टिन पेशीतील सूक्ष्मनलिका मोडते; मज्जातंतूंचा आधारही त्याच नलिका असतात. त्यामुळे चुकून ते पाठीत गेले, तर रुग्ण बहुतेक वेळा वाचत नाही. १९६० च्या दशकापासून जगभरात अशा घटना नोंदल्या गेल्या. कुपीवर ठळक अक्षरांत इशारा छापला गेला, तरीही त्या होत राहिल्या. थकलेला माणूस वाचतो एक आणि हात करतो दुसरेच.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये देऊच नका. छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्या. मोठ्या माणसाच्या मेंदू आणि कण्याभोवतीचा सगळा द्रव मिळून सुमारे १५० मिलिलिटर असतो. ५० मिलिलिटरची पिशवी पाठीत रिकामी करावी, असे कोणाही डॉक्टरच्या मनात येणार नाही. जे काम शब्दांनी झाले नाही, ते आकाराने केले. २०१६ मध्ये पाठीच्या सुईच्या जोडणीसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मापही ठरले, म्हणजे शिरेची सिरिंज तिथे बसणारच नाही. १५ अँपियरची पिन ५ अँपियरच्या खाचेत जात नाही, तसेच हे.

यंत्र आणि वही

इतकी यंत्रे आल्यावर प्रश्न मिटला का? २००७ मध्येच चीनमध्ये मेथोट्रेक्सेट आणि आणखी एक औषध पाठीत टोचलेल्या शंभराहून अधिक रुग्णांच्या पायांतली शक्ती गेली. डॉक्टरांची चूक नव्हती. सिरिंजही योग्य होती. शांघायमधील कारखान्यात उरलेले व्हिन्क्रिस्टिन त्या औषधांत मिसळले गेले होते आणि चौकशीत ते दडवण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या दाराला कुलूप घातले, तेव्हा विष मागच्या दाराने शिरले. एक औषध भरून झाल्यावर रांग पूर्ण मोकळी करायची, उरलेला थेंबन्‌थेंब आणि चिठ्ठीन्‌चिठ्ठी हिशेबात धरायची, हा नियम का आहे ते यावरून कळते.

दुसरी घटना आपल्याच देशातली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे औषध निरीक्षक अहमदाबादजवळच्या एका कारखान्यात आले. तिथे त्यांना फाडलेल्या नोंदींनी भरलेल्या पिशव्या आढळल्या. उत्पादन थांबवावे लागले. अमेरिकेला लागणाऱ्या सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधापैकी सुमारे निम्मे तिथून जात असे. २०२३ मध्ये तिथल्या डॉक्टरांना ते औषध कोणाला द्यावे आणि कोणाला थांबवावे, हे ठरवण्याची वेळ आली.

आता वीस कुप्यांच्या गणिताकडे पुन्हा पाहू. कुपी उघडून तपासता येत नाही, म्हणून आपण तिच्या जन्माच्या नोंदींवर विश्वास ठेवतो. पाण्याचे तापमान, हवेचा दाब, गाळणीची परीक्षा, किती चिठ्ठ्या दिल्या आणि किती उरल्या, या सर्व नोंदी म्हणजेच निर्जंतुकपणाचा खरा पुरावा. आकडा वाईट आला म्हणून कागद फाडला, तर तो पुरावाच नष्ट होतो. डेव्हनपोर्टच्या उपकरणाने खरे सांगितले होते. ते कोणी मानले नाही. यंत्र मोजते आणि लिहितेही, पण ते वाचून त्याप्रमाणे वागणे माणसाकडेच राहते.

प्रयोगशाळेत विद्यार्थी उत्तर जुळत नाही म्हणून वहीतला आकडा खोडून ‘अपेक्षित’ आकडा लिहितात, हे आपण पाहतोच. त्या वेळी त्यांना गुण कापण्याची भीती घालण्यापेक्षा ही हकिकत सांगावी. खोडलेला आकडा तसाच वाचता येईल अशी एक रेघ त्यावर मारावी, शेजारी नवा आकडा, तारीख आणि कारण लिहावे. औषधांच्या कारखान्यात नेमका हाच नियम असतो. आज वहीत ही सवय लागलेल्या मुलांपैकी एखादी मुलगी उद्या भरणीच्या रांगेशी उभी असेल आणि तिच्या खऱ्या नोंदीवर विसंबून कोणा अनोळखी मुलाच्या शिरेत सदाफुलीचे औषध उतरत असेल.